देवी गाभाऱ्यात, आपण उंबऱ्याबाहेर : आपापले अनुभव लिहावेत

कृष्णाकाठ :

गेल्या आठवड्यात जुनी ट्रंक आवरताना तळाशी एक हिरवी इरकली साडी निघाली. तिच्या काठावर कुंकवाचे डाग अजून आहेत. ती आमच्या गावच्या देवीच्या अंगावरची साडी असून माझ्या आत्याला प्रसाद म्हणून मिळाली होती. ती हातात घेतली आणि साधारण पन्नास वर्षांपूर्वीचा घटस्थापनेचा दिवस जसाच्या तसा आठवला.

देवीची पूजा गुरवांच्या घराकडे होती. त्या वर्षी श्रावणात म्हातारे गुरव वारले आणि पूजा त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलावर आली. स्नान, मळवट, आरती हे सगळे त्याने वडिलांच्या पाठीशी उभे राहून शिकून घेतले होते, परंतु साडी नेसवणे काही त्याला साधेना. निऱ्या सुटून देवीच्या पायांशी गोळा होत. शेवटी तो आत्याकडे आला, कारण गावात कोणत्याही नवरीला नऊवारी नेसवायची असली की आत्यालाच बोलावणे येई. आत्याने त्याला पडवीत नेले, मधल्या खांबाला कमरेच्या उंचीवर सुंभ बांधला आणि खांबालाच साडी नेसवून दाखवली. निरी चिमटीत किती धरायची, ती सुंभाखाली कशी खोवायची, पदर मागे नेताना काठ उलटा पडू नये म्हणून तो कसा धरायचा, हे तिने तीन संध्याकाळी त्याच्याकडून गिरवून घेतले.

घटस्थापनेला आम्ही देवळात गेलो, तेव्हा आत्या नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर थांबली. गाभाऱ्याचा पडदा ओढलेला होता. थोड्या वेळाने आतून त्या मुलाचा आवाज आला, "आत्याबाई, पदर पुरत नाही." आत्याने बाहेरूनच सांगितले, "दोन निऱ्या सोड आणि पुन्हा खोव." पडदा सरला तेव्हा देवी इतकी सुरेख दिसत होती की जमलेल्या बायकांनी वळून आत्याकडे पाहिले. घरी येताना मी तिला विचारले की तूच आत जाऊन का नाही नेसवलीस. ती म्हणाली, "बाईमाणसानं देवीला शिवायचं नसतं गं."

एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या कायद्याचा आधार घेऊन देवळातील प्रवेश हा स्त्रियांचा हक्क असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला आणि पाठोपाठ कोल्हापूरला अंबाबाईच्या गाभाऱ्यातही स्त्रिया गेल्या. आत्या तोपर्यंत राहिली नव्हती. शनीच्या चौथऱ्याची बातमी मी शांतपणे वाचली. अंबाबाईजवळ बाईने जाण्यासाठी न्यायालयाचा शब्द लागावा, हे वाचून मात्र मला रडू आले. तुमच्याकडे अशा आठवणी असतील तर जरूर लिहा. लहानशा असल्या तरी चालतील.

सोनचाफा :

ताई, तुमच्या आत्याबाईंना नमस्कार. माझी आठवण देवळातली नसून घरच्या गौरींची आहे.

अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. या तिन्ही दिवसांत आमच्या घरी पुरुषांना फारसे कामच नसे. मुखवटे माझी आजी चिंचेने घासून लख्ख करी, उभ्या करण्याच्या कोठ्यांमध्ये धान्य भरी आणि सोळा भाज्या एकटी निवडून चिरून ठेवी. परंतु दारातून "गौरी आली, सोन्याच्या पावली" असा पुकारा सुरू झाला की ती मागच्या खोलीत जाऊन बसे, कारण ती विधवा होती. तिला अडवायला तिथे कुणी पुरुष नव्हता. अडवणाऱ्या आम्ही बायकाच होतो, आणि हे लिहिताना माझा हात जड झाला आहे.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी माझ्या आईने मोठ्याने वाचून दाखवली. त्या भाद्रपदात आईने हळदीकुंकवाचा करंडा आजीच्या हातात दिला आणि पावले तिलाच उमटवायला सांगितली. आजी तेव्हा ८६ वर्षांची होती. तिला वाकता येत नव्हते, म्हणून आम्ही तिला पाटावर बसवून पाट पुढे पुढे सरकवत देवघरापर्यंत नेले. तिने उमटवलेली पावले अगदी लहान, तान्ह्या मुलीच्या पायांएवढी होती.

पळीपंचपात्र :

मी पुरोहिताच्या घरात वाढलो. नवरात्रात वडील सप्तशतीचा पाठ करीत आणि माझी थोरली बहीण स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून तो पाठ करून बसली होती. सातशे मंत्र, तेरा अध्याय, आणि तिचा एकही स्वर चुकत नसे. एकदा वडिलांचा घसा बसला, तेव्हा मी पोथी घेऊन बसलो आणि अडखळलो. आतून तिने पुढचा चरण सांगितला. वडिलांनी पाठ थांबवला, आणि ती गप्प राहील असे कबूल करून घेतल्यावरच तो पुढे सुरू झाला. मी त्या वेळी काहीही बोललो नाही.

पुढे अर्थासह वाचू लागलो, तेव्हा अकराव्या अध्यायापाशी थबकलो. शुंभाचा वध झाल्यावर सगळे देव देवीची स्तुती करतात आणि त्यात म्हणतात की सर्व विद्या ही तुझीच रूपे आहेत आणि जगातील सर्व स्त्रियाही तुझीच रूपे आहेत. हे वाक्य पुरुषदेवांच्या तोंडी आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीच ते म्हटले आहे, तेही बहुधा स्वयंपाकघरातील स्त्रीला गप्प राहायला सांगून. पाठानंतर म्हटले जाणारे देवीसूक्त तर ऋग्वेदातले, दहाव्या मंडलातले १२५ वे सूक्त आहे, आणि त्याची द्रष्टी अंभृण ऋषींची कन्या वाक् आहे. रुद्र, वसू आणि आदित्य यांच्यासह मीच संचार करते, मी राष्ट्राची स्वामिनी आहे, असे ती स्वतःच्या तोंडाने, प्रथमपुरुषात सांगते. स्त्रीने रचलेले सूक्त स्त्रीने उच्चारू नये, हा नियम कोणत्या तर्काने टिकला, हे मला आजही कुणी पटवून दिलेले नाही.

बहीण आता साठीची आहे. गेली सहा वर्षे आमच्या घरी पाठ तीच करते आणि मी शेजारी बसून पाने उलटतो.

अरुंधती_वामन :

पळीपंचपात्र, आपल्या भगिनींना माझा नमस्कार कळवावा. मी स्वतः पौरोहित्य करते. पुण्यात १९७० च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्यास सुरुवात केली आणि नंतर ज्ञानप्रबोधिनीनेही ते काम केले. त्या वाटेवरून आलेल्या अनेकींपैकी मी एक आहे. त्याही आधी साकुरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान हा कन्यांचा आश्रम उभारला होता, आणि १९४१ मध्ये ते गेल्यानंतर गोदावरीमातेच्या छत्राखाली तिथल्या कन्या वेदपठण आणि यज्ञ करीत राहिल्या. त्यामुळे आमचे हे काम कालपरवाचे मुळीच नाही.

वास्तुशांत, सत्यनारायण, लग्न यांसाठी लोक आनंदाने बोलावतात. परंतु नवचंडीच्या वेळी एका घरी मला विचारण्यात आले, "तुमच्या अडचणीचे दिवस नाहीत ना?" हा प्रश्न यजमानीणबाईंनी अगदी हळू आवाजात, मला संकोच वाटू नये अशा बेताने विचारला होता. मी नाही म्हणाले, आणि ते खरेही होते. पण देवीच्या हवनाला बसण्यापूर्वी हे उत्तर द्यावे लागले, याचा सल राहिला.

ब्रह्मपुत्रेहून :

अडचणीच्या दिवसांवरून लिहितो. नोकरीनिमित्त चार वर्षे गुवाहाटीला होतो. तिथे कामाख्येच्या देवळात मूर्ती नाही. योनीच्या आकाराची शिळा आहे आणि तिच्यावरून झऱ्याचे पाणी सतत वाहते. जूनच्या उत्तरार्धात अंबुबाची येते, तेव्हा देवी रजस्वला होते असे मानून देऊळ तीन दिवस बंद ठेवतात, आणि चौथ्या दिवशी दार उघडले की लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा यासाठी लाखो लोक देवळाच्या नीलाचल टेकडीवर रांगा लावतात. माझ्या आईला मी तो तुकडा पाठवला होता. तिने तो देव्हाऱ्यात ठेवला आणि फोनवर म्हणाली, "आम्हाला त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नव्हते रे." त्यापुढे आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. अर्थात तिथेही पूजा पुरुष पुजारीच करतात, हेही नोंदवायला हवे.

सोनचाफा :

दादा, आमच्याकडे लोणचे आणि पापड दोन्ही. तुमच्या मातोश्रींना सांगा की आम्हीही त्याच रांगेतल्या आहोत.

पैनगंगा :

माहूरची रेणुका आमची कुलदेवता. मुलगी आठ वर्षांची असताना तिला प्रथम गडावर नेले. तिथे देवीचे केवळ मुख आहे, शेंदराने माखलेले भव्य मुख, आणि तिने साहजिकच विचारले की देवीचे बाकीचे शरीर कुठे आहे. मी लहानपणी ऐकलेली कथा सांगू लागले : रेणुका पाणी आणायला गेली, तिथे जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वाला पाहून क्षणभर तिचे मन विचलित झाले, जमदग्नींना ते कळले, त्यांनी मुलांना तिचे शिर उडवण्याची आज्ञा केली, थोरल्या मुलांनी नाकारले आणि परशुरामाने ती पाळली. हे सांगताना प्रथमच माझ्या लक्षात आले की मी काय सांगते आहे. परशुरामाने वर मागून आईला जिवंत केले, इथपर्यंत मी घाईने आले, पण मुलगी मधल्याच वाक्यावर अडकली होती. "नुसतं बघितलं म्हणून?" असे तिने विचारले.

तिथून पायऱ्या उतरेपर्यंत मी एवढेच म्हणू शकले की लोकांना त्या आईबद्दल फार वाईट वाटले असणार, म्हणूनच इतक्या जणी अजून तिच्या ओट्या भरायला येतात. शास्त्राचे उत्तर मला माहीत नाही. मला सुचले ते हेच.

जात्यावरची :

थोडे वेगळे मत मांडते, कृपया गैरसमज नसावा. माझ्या आईने गाभाऱ्यात जाण्याची इच्छा कधी बोलून दाखवली नाही. पहाटे जात्यावर बसली की ती विठ्ठलाला भाऊ म्हणून हाक मारी, रखुमाईची समजूत काढी आणि अंबाबाईला माहेरचा निरोप सांगे. तिचा देव पुजाऱ्याच्या हातून आलेलाच नव्हता. आमच्या आयाबहिणींनी जात्याशी, हादग्याशी, जोगव्याच्या परडीशी स्वतःचा असा एक धर्म उभा केला होता आणि तो पुरा होता. केवळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून त्यांचे मोजमाप केले, तर त्यांनी उभे केलेले हे सारे नजरेआड होईल, अशी मला भीती वाटते.

कृष्णाकाठ :

जात्यावरची, गैरसमज मुळीच नाही. आत्याही ओव्या म्हणत असे आणि त्यात देवीशी भांडत असे. पण ती भांडे, यावरूनच मला वाटते की तिला काहीतरी हवे होते.

वाळवंटी :

आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. आम्ही विठ्ठलाला विठाई म्हणतो, ज्ञानोबांना माउली म्हणतो, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक वारकऱ्यालाही माउलीच म्हणतो. देवाला आई केले की पुरुषांचेही मन मऊ होते, हे मी वडिलांमध्ये पाहिले आहे. घरी कधी न रडणारा तो माणूस कळस दिसला की लहान मुलासारखा रडे. मात्र रखुमाई स्वतः मागे, वेगळ्या देवळात उभी आहे. ती रुसून दिंडीरवनात आली, अशी कथा सांगतात. तिच्या रुसण्याची कीर्तने ऐकताना मंडप हसतो, आणि माझी पत्नी दरवेळी म्हणते की तिचे म्हणणे काय होते हे कुणी विचारत नाही.

सोयराबाईंनी सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी विटाळाविषयी थेट देवालाच जाब विचारला : देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा राहिला कोण? चोखोबांच्या पत्नी असल्यामुळे त्या तर देवळाच्या दारापर्यंतही जाऊ शकत नव्हत्या. पंढरपूरच्या त्या देवळाचे दार दलितांना उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे आणि उत्पात या तिथल्या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी स्त्रियांचेही अर्ज मागवले. ती बातमी मी पत्नीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आता तरी रखुमाईला कुणी विचारील."

मालन_पाटील :

सगळे वाचले. मला लिहिता येत नाही इतके चांगले, पण एक विचारायचे आहे. आमच्या वाडीच्या देवीचे पुजारी यंदा आजारी आहेत आणि नवरात्रात साडी नेसवण्याचे काम बैठकीत आमच्या बचत गटाकडे दिले गेले आहे. पहिल्या माळेला मी नेसवणार आहे. मूर्ती उभी आहे, साधारण अडीच फूट, आणि साड्या सगळ्या नऊवारीच येतात. कापड फार होते आणि निऱ्या फुगतात. तुमच्या आत्याबाई काय करीत असत?

कृष्णाकाठ :

मालनताई, आधी साडी जमिनीवर पसरून उभी दुमडून घ्या, म्हणजे काठ वर राहील आणि उंची मूर्तीएवढी होईल. निऱ्या अंगावर घालू नका. चटईवर बसून चिमटीएवढ्या घाला, वरच्या टोकाला सुती दोऱ्याने बांधा आणि मग कमरेच्या दोरीखाली खोवा. पदराला हातभर कापड आधीच वेगळे काढून ठेवा, नाहीतर शेवटी पुरत नाही. पुरलाच नाही, तर दोन निऱ्या सोडा आणि पुन्हा खोवा. आदल्या दिवशी घरच्या खांबाला एकदा नेसवून पाहा.