क्रमागत संख्यांची बेरीज 100: दुसरा प्रकार कुठून आला?

रफवही
सराव चाचणीत हा प्रश्न होता: 100 ही संख्या दोन किंवा अधिक क्रमागत धन पूर्णांकांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येईल? मी पहिली संख्या x धरून एकेक समीकरण मांडत गेले. 2x + 1 = 100, नाही. 3x + 3 = 100, नाही. 4x + 6 = 100, तेही नाही. 5x + 10 = 100 वरून x = 18 मिळालं, म्हणजे 18 + 19 + 20 + 21 + 22. सहा आणि सात पदांना जमलं नाही आणि तेवढ्यात वेळ संपला. उत्तरसूचीत 2 दिलंय. दुसरा प्रकार कोणता? आणि किती पदांपर्यंत तपासायचं हे आधीच कसं ठरवायचं? एका प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट मिळतं.

त्रैराशिक
दुसरा प्रकार 9 ते 16, आठ पदं. मर्यादा काढणं सोपं आहे. n पदांची कमीत कमी बेरीज 1 + 2 + … + n, म्हणजे n(n + 1)/2. 13 पदांना ती 91 होते, 14 ला 105. म्हणून 13 च्या पुढे बघायचंच नाही.

पाटीपेन्सिल
मर्यादा बरोबर आहे, पण बारा समीकरणं कशाला मांडायची? मी बरीच वर्षं हा भाग शिकवतेय आणि अशा प्रश्नात पहिली संख्या x धरायला माझा ठाम विरोध आहे. मधली संख्या धर. क्रमागत संख्यांची बेरीज म्हणजे पदांची संख्या गुणिले सरासरी, आणि सरासरी नेहमी बरोबर मध्यावर असते.

पदं विषम असतील तर मध्यावर एक संख्या असते, म्हणून भागाकार पूर्ण यायला हवा. पदं सम असतील तर मध्य दोन संख्यांच्या बरोबर मधे पडतो, म्हणून भागाकारात नेमका अर्धा उरायला हवा. 100 ÷ 8 = 12.5, म्हणजे मधली जोडी 12 आणि 13. दोन्हीकडे तीन-तीन संख्या वाढव, 9 ते 16 मिळाले. 100 ÷ 4 = 25 पूर्ण आलं, म्हणूनच चार पदांना जमलं नाही. 2 ते 13 ने भागून बघायला अर्धं मिनिट पुरतं.

«पाच क्रमागत संख्यांची बेरीज 2025, सर्वांत मोठी कोणती?» हा प्रश्न तर तोंडीच सुटतो. मधली 405, मोठी 407.

आता खरी गंमत. 100 चे विषम विभाजक 1, 5 आणि 25. 5 घेतला तर 20 च्या भोवती पाच संख्या, तो तुझा प्रकार. 25 घेतला तर 4 च्या भोवती पंचवीस संख्या, म्हणजे −8 ते 16. यातल्या −8 पासून 8 पर्यंतच्या संख्या एकमेकींना खाऊन शून्य होतात आणि 9 ते 16 उरतात. दुसरा प्रकार तिथून आला! प्रत्येक विषम विभाजकाला असा एकच प्रकार मिळतो. 1 चा प्रकार म्हणजे नुसते 100, तो वगळायचा. 3 − 1 = 2. हे प्रमेय सिल्व्हेस्टर या गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं, त्याने ते 1882 मध्ये मांडलं. मधल्या पदावरून बेरीज काढणं मात्र फार जुनं. 499 मध्ये आर्यभटाने तेही सांगितलंय, आणि पहिलं व शेवटचं पद मिळवून पदसंख्येच्या निम्म्याने गुणायची रीतही.

रफवही
ताई, −8 ते 16 वाचून एकदम उजेड पडला. मग 64 ला 1 सोडून विषम विभाजकच नाही, म्हणजे उत्तर शून्य? आणि प्रश्नात «धन» नसेल, नुसतं «पूर्णांक» असेल तर?

पाटीपेन्सिल
हो, शून्य. आर्यभटाच्या दुसऱ्या रीतीने पटवून घे. बेरजेची दुप्पट = पदसंख्या × (पहिली + शेवटची). या दोन अवयवांपैकी एक सम आणि दुसरा विषम असतोच. पण 128 चा विषम अवयव फक्त 1. पदं किमान दोन आणि पहिली + शेवटची किमान 3, म्हणून दोघांपैकी कोणीच 1 होऊ शकत नाही. 2 च्या प्रत्येक घाताचं असंच.

«धन» काढलं की, नुसते 100 हा प्रकारही मोजला तर, संख्या दुप्पट होते: 3 चे 6. 100 ला −8 ते 16, −17 ते 22 आणि −99 ते 100 हे तीन प्रकार वाढतात, नुसते 100 वगळून एकूण 5. म्हणून प्रश्न वाचताना त्या एका शब्दाखाली रेघ मारायचीच.

मोठी संख्या आली तर विभाजकांची यादी करू नकोस. 1000 = 2³ × 5³. 2 कडे बघायचंच नाही. 5 चा घातांक 3, म्हणून विषम विभाजक 3 + 1 = 4, आणि उत्तर 3.

त्रैराशिक
एक भर. क्रमागत विषम संख्या विचारल्या तर अर्ध्याचा नियम लागत नाही. चार क्रमागत विषम संख्यांची बेरीज 80: सरासरी 20, संख्या 17, 19, 21, 23. इथे मध्य सम पूर्णांक येतो.

रफवही
45 करून बघितलं. विषम विभाजक 1, 3, 5, 9, 15, 45, म्हणून 5 प्रकार: 14 ते 16, 7 ते 11, 1 ते 9, 5 ते 10, आणि 22 + 23. शेवटचे दोन 15 आणि 45 मधून काटछाट होऊन आले.

पाटीपेन्सिल
अगदी बरोबर. आता 105 घे, पण आधी उत्तराचा आकडा सांग आणि मगच प्रकार लिही.

रफवही
3 × 5 × 7, विभाजक आठ. उत्तर 7.