डिक, कर लेडीज : 1921 नंतर क्लबचं नेमकं काय झालं?

मंदार_प
डिक, कर लेडीज या इंग्लंडमधल्या महिला फुटबॉल क्लबबद्दल जिथे तिथे एकच गोष्ट वाचायला मिळते. पहिलं महायुद्ध, दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या मुली, 1920 ला एका सामन्याला 53,000 प्रेक्षक, 1921 ला बंदी, खेळ खल्लास. पण परवा वाचलं की ‘लिली पार’ नावाची खेळाडू 1946 मध्ये या क्लबची कॅप्टन झाली. बंदीनंतर पंचवीस वर्षांनी? मग क्लब बंद पडला होता की नव्हता? आणि लिली सोडून बाकीच्या दहा जणी कोण होत्या? त्यांची नावं कुणी घेतच नाही.

डावी_विंग
नव्हता पडला. क्लब 1965 पर्यंत चालू होता. तुम्ही वाचलेली गोष्ट खोटी नाही, पण ती पहिल्या चार वर्षांवर संपते आणि पुढची चव्वेचाळीस वर्षं गिळून टाकते. माझा या गोष्टीवर जुना राग आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी बंदी म्हणजे काय ते बघू. 5 डिसेंबर 1921 ला इंग्लंडच्या एफएने, म्हणजे फुटबॉल असोसिएशनने, ठराव केला की फुटबॉल बायकांना अजिबात योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं महिलांच्या सामन्यांना देऊ नयेत. बायकांनी खेळूच नये असा हुकूम एफए काढू शकत नव्हती, तो तिचा अधिकारच नव्हता. तिने मैदानं काढून घेतली. मैदान गेलं की स्टँड गेले, तिकिटाचा गल्ला गेला. खेळ उरला तो पार्कात नाहीतर मिळेल त्या मोकळ्या जागेवर.

ठरावात दुसरंही एक कारण होतं, ते लोक विसरतात. जमा झालेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो आणि धर्मादाय कामाला पुरेसा पोचत नाही, अशी तक्रार. मला ही तक्रार सोयीची वाटते. हे सामने जखमी सैनिकांसाठी होत होते तोवर सगळे टाळ्या वाजवत होते. 1921 मध्ये खाणमालकांनी कामगारांना बाहेर काढलं आणि महिलांचे संघ खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी खेळायला लागले, तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या. एफएला नेमकं काय टोचलं ते तिलाच ठाऊक, पण माझा संशय तिथेच आहे.

आता बाकीच्या जणी. सुरुवात लिलीपासून नाहीच होत. 1917 मध्ये प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मुली पुरुषांबरोबर बॉल खेळायच्या. पुढाकार ग्रेस सिबर्टचा, तिचा नवरा तेव्हा युद्धकैदी होता. ऑफिसातल्या आल्फ्रेड फ्रँकलंडने मॅनेजरकी अंगावर घेतली आणि थेट डीपडेल, म्हणजे प्रेस्टन नॉर्थ एंडचं मैदान, भाड्याने ठरवलं. 1917 च्या ख्रिसमसच्या दिवशी पहिला सामना, अरंडेल कूल्टहार्ड फाउंड्रीच्या मुलींशी. 10,000 लोक आले, 4-0 ने जिंकल्या. पैसे गेले मूर पार्कच्या सैनिकी इस्पितळाला.

अ‍ॅलिस केल ही कॅप्टन, खेळायची राइट बॅकला. फ्लोरी रेडफर्ड सेंटर फॉरवर्ड. जेनी हॅरिस अंगाने अगदी छोटी, पण बॉल पायाला चिकटलेला. आणि तो प्रसिद्ध सामना, 26 डिसेंबर 1920, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क मैदान, समोर सेंट हेलेन्स गावाचा संघ. फ्लोरीची गाडी चुकली! हुकमी स्ट्रायकरच गायब. हाफटाइमपर्यंत जेनीच्या एका गोलवर 1-0. मग अ‍ॅलिस केल बचाव सोडून पुढे आली आणि तिने हॅटट्रिक मारली. 4-0. 53,000 चा आकडा सगळ्यांना पाठ, पण त्या दिवशी राइट बॅकने तीन गोल केले हे कितीजणांना माहीत आहे? महिला क्लबांच्या सामन्याला याहून मोठी गर्दी जमायला मार्च 2019 उजाडला, माद्रिदमध्ये, अ‍ॅटलेटिको विरुद्ध बार्सिलोना, 60,739.

लिली त्या दिवशी आपल्याच गावाच्या संघाविरुद्ध खेळत होती. जन्म 1905, सेंट हेलेन्सची. 1920 मध्येच डिक, करने तिला आणि अ‍ॅलिस वुड्सला तिथून उचललं होतं. लिली प्रेस्टनला आली ती सहकारी अ‍ॅलिस नॉरिसच्या घरी राहायला.

निखिल_गोलकीपर
लिलीच्या शॉटने एका पुरुष गोलकीपरचा हात मोडला होता म्हणे, ते खरं का? गोलकीपर म्हणून विचारतोय, जिव्हाळ्याचा विषय आहे.

डावी_विंग
निखिल, ही कथा प्रत्येक लेखात असते आणि प्रत्येक लेखात थोडी वेगळी असते. मी तिच्या भरवशावर नाही. डाव्या पायाचा फटका जबरदस्त होता याबद्दल मात्र बरोबर खेळलेल्या सगळ्यांचं एकमत. उंचापुरी बाई, वुडबाइन सिगारेट ओढणारी, कमी बोलणारी. ती नंतर व्हिटिंगहॅम इस्पितळात नर्स झाली आणि 1951 पर्यंत खेळत राहिली. मंदार, तुमच्या 1946 चं उत्तर हे घ्या.

चष्मेवाले_काका
एक भर घालतो. 16 डिसेंबर 1920 ला डीपडेलवर यांनी रात्री सामना खेळला होता, विमानं शोधायच्या सर्चलाइटच्या उजेडात. दिवे युद्धखात्याचे, परवानगी चर्चिलची, तेव्हा ते त्या खात्याचे मंत्री होते. अंधारात दिसावा म्हणून बॉलला चुना फासला होता. 12,000 लोक. हे सगळं बेकार झालेल्या माजी सैनिकांसाठी. म्हणजे सरकार दिवे देतंय आणि वर्षभरात एफए मैदान काढून घेतेय!

मंदार_प
काका, भारीच. डावी_विंग, मग 1921 ते 1965 मध्ये खेळत कुणाशी होत्या? आणि शेवटी बंद का पडलं?

डावी_विंग
काका, चुन्याचं राहिलंच होतं माझ्याकडून, आभार.

मंदार, बंदीनंतर लगेच ब्लॅकबर्नला महिलांची स्वतंत्र संघटना निघाली, पण ती फार टिकली नाही. 1926 पासून क्लबचं नाव प्रेस्टन लेडीज झालं, कारण फ्रँकलंड आणि कारखान्याचं बिनसलं. लोक तरीही जुन्याच नावाने ओळखायचे. 1937 मध्ये ब्लॅकपूलच्या स्क्वायर्स गेटला एडिंबरा लेडीजना 5-1 हरवून त्यांनी स्वतःला जगज्जेते म्हणवून घेतलं. सामना दोनच संघांत, पण किताब जगाचा! त्याच वर्षी जोन व्हॉली पंधराव्या वर्षी संघात आली. मला विचाराल तर लिलीनंतर वाचावं असं नाव हेच.

फ्रँकलंडनंतर कॅथ लेथमने कारभार पाहिला. पुढे पुढे अकरा जणी जमवणंच कठीण झालं, ठरलेले सामने रद्द होऊ लागले. 1965 ला संपलं. बंदी उठायला सत्तरचं दशक लागलं आणि एफएने माफी मागितली 2008 मध्ये. लिलीला नॅशनल फुटबॉल म्युझियमच्या हॉल ऑफ फेममध्ये 2002 ला घेतलं, ती तिथली पहिली महिला.

सई_खेळते
अमेरिकेला पण गेल्या होत्या ना? तिथे महिलांचे संघ होते?

डावी_विंग
सई, गेल्या होत्या, 1922 मध्ये. खरं तर निघाल्या होत्या कॅनडाला. पोचल्यावर कळलं की तिथल्या असोसिएशननेही खेळायला मनाई केलीय. मग अमेरिकेत उतरल्या, तर समोर पुरुषांचे संघ. पहिला सामना न्यू जर्सीत पॅटरसनशी, 6-3 हरल्या. पण पुढच्या सामन्यांत पुरुषांच्या संघांना हरवूनही दाखवलं.