'पांढराफटक' हा रंग आहे का?

निळीशाई: मुलांच्या चित्रकला वर्गासाठी इंग्रजीतल्या सूचना मराठीत करते आहे. चित्र व्हिक्टोरियाकालीन वाड्यातल्या बाईच्या भुताचं. चेहऱ्यासाठी मी 'पांढराफटक' लिहिलं, तर एका मुलाने तिथे कागद कोराच सोडला. म्हणाला, पांढराच तर आहे! दुसरा शब्द सुचवा.

घाटवाट: चूक शब्दाची. 'तोंड पांढरंफटक पडलं' म्हणतो तेव्हा आपण उडालेला रंग सांगतो, लावायचा नव्हे. 'पांढुरका' लिहा.

रंगपेटी: पांढुरक्यानेही भूत दिसणार नाही. पांढऱ्यात थेंबभर हिरवा आणि त्याहून कमी जांभळा घाला, डोळ्यांखाली जांभळा वाढवा. याला आपल्याकडे शब्द आहे: पारवा. आजीचं पारवा लुगडं उन्हात राखाडी दिसायचं, दिव्याखाली जांभळट. पारव्याची मान आठवा.

सोपंबोला: आज दहा वर्षांच्या मुलाला पारवा कळेल? त्याच्या रंगखडूवर ग्रे लिहिलेलं असतं. ग्रे मराठीच झालाय.

घाटवाट: मग 'करडा' कुठे गेला? करडईवरून आलेला अस्सल शब्द आहे.

काळीमाती: आमच्या शेतात करडई होते. फूल पिवळं, सुकताना केशरी, आणि पाकळ्यांतून निघतो तो कापडाचा लाल रंग. यात करडं काय आहे? उगाच व्युत्पत्ती जोडू नका.

निळीशाई: झग्याचंही अडलंय. तिकडे दुखवट्यात आधी काळे कपडे, पुढे राखाडी नि फिकट जांभळे. या दुसऱ्या टप्प्याला 'अर्धसुतक' म्हणू?

घाटवाट: नको. सुतक दहा दिवसांचं, त्याचा कपड्यांच्या रंगाशी संबंध नाही. 'उतरता दुखवटा' म्हणा.

सोपंबोला: पांढरी साडीच नेसवा की. आपल्याकडे विधवेचा रंग पांढरा, मुलांना लगेच कळेल.

रंगपेटी: सरसकट नाही. माझ्या पणजीची जाऊ केशवपनानंतर जन्मभर लाल आलवणात राहिली. त्या लालात कोणाला सण दिसला नाही. आणि ही बाई इंग्लंडची आहे, तिला तिथलेच कपडे द्या.

काळीमाती: आलवण हे आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढलेल्या लाल रंगावरून असावं.

घाटवाट: आमच्या घरी 'अलवण' म्हणत, पहिला अ ऱ्हस्व. मग आल कशी येईल?

काळीमाती: उच्चार झिजतात हो. करडईवरून करडा चालतो तुम्हाला, आणि आल नाही?