नाटकावरच्या चित्रपटात तालीम किती दाखवावी?

साकोलीकर :
माइक ली यांचा १९९९ चा ‘टॉप्सी-टर्व्ही’ चित्रपट लेखक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन या इंग्रज जोडीची ‘द मिकाडो’ ही जपानमध्ये घडणारी संगीतिका कशी उभी राहिली, ते सांगतो. १८८४ मध्ये त्यांची आधीची संगीतिका ‘प्रिन्सेस आयडा’ फिकी पडल्यावर सलिव्हनला गिल्बर्टच्या त्याच त्या जादूच्या कथानकांचा वीट येतो, आणि तिथून १४ मार्च १८८५ रोजी लंडनच्या सव्हॉय नाट्यगृहात झालेल्या पहिल्या प्रयोगापर्यंत आपण मानधनाची घासाघीस, पोशाखावरचे रुसवे आणि अखंड तालमी पाहत राहतो. माझ्या मते नाटकावरचा चित्रपट असाच हवा. धान घरात आल्यावर आपण पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र पाहतो, पण वडशाच्या नाटक मंडळींनी ती कशी बसवली, हे आपल्याला कधी दिसते का?

वडसावासी :
दिसण्याची गरजही नाही. आमच्याकडे मोजक्या तालमी आणि विंगेतला प्रॉम्प्टर यांच्या बळावर पहाटेपर्यंत मंडप खिळून राहतो; प्रेक्षक घाम पाहायला नव्हे, नाटक पाहायला येतो. शिवाय बारकाव्यांचा एवढा आग्रह धरणारा हा चित्रपट मुळातच सैल आहे. लंडनच्या जपानी प्रदर्शनातून आणलेली तलवार भिंतीवरून पडते आणि गिल्बर्टला विषय सुचतो, असे तो दाखवतो. प्रत्यक्षात ते प्रदर्शन जानेवारी १८८५ मध्ये उघडले आणि गिल्बर्टचे लेखन त्याआधीच सुरू झाले होते.

साकोलीकर :
तलवारीबद्दल मी हरलो. पण रंगीत तालमीनंतर गिल्बर्ट मिकाडोचे, म्हणजे नाटकातल्या जपानी सम्राटाचे, गाणे कापतो आणि समूहातले नट-नटी धीर एकवटून ते परत ठेवण्याची विनंती करतात, तो प्रसंग आठवा. ज्यांची नावे जाहिरातीत नसतात, त्यांच्या शब्दाने प्रयोग बदलला, आणि हे त्या काळी खरेच घडले होते. मानधनाच्या यादीत तळाशी असणाऱ्या आपल्या कलावंतांना हे दृश्य दाखवून पाहा.

पवनीची वाचक :
मला वेगळेच खटकले. चाल आणि पंखा शिकवण्यासाठी जपानी स्त्रियांना तालमीला आणतात. त्यांतील एकीला चहाची किंमत सांगण्यापुरते जे इंग्रजी येते, तेच ‘सिक्सपेन्स प्लीज’ तिचे नाव होऊन बसते. शहरी मालिकांत झाडीबोली बोलणारा गडी केवळ हसण्यापुरता आणतात, तेव्हा मला जसा राग येतो, तसाच इथे आला. चित्रपट त्या थट्टेकडे बोट दाखवतो की स्वतःच ती करतो, हे दोनदा पाहूनही मला ठरवता आले नाही.

वडसावासी :
म्हणजे तालमी कापल्या असत्या तर बरेच झाले असते.

साकोलीकर :
उलट, तालमी कापल्या असत्या तर ती बाई पडद्यावर चहा देण्यापुरतीच उरली असती. मुख्य नट्या तिची चाल उचलू पाहतात आणि त्यांना ती साधत नाही, हे तालमीतच दिसते.