मँचेस्टरच्या दहा परिषदांचा विमानतळ

वरून सक्ती झाल्याशिवाय शेजारच्या महापालिका एकत्र येत नाहीत, असं म्हटलं जातं. हे मत मला पटत नाही. मँचेस्टरमध्ये उलटं घडलं. 1986 साली ब्रिटनच्या थॅचर सरकारने ग्रेटर मँचेस्टरची, म्हणजे मँचेस्टर आणि भोवतालच्या शहरांची मिळून असलेली काउंटी परिषदच बरखास्त केली. तेव्हा बोल्टन, सॅलफर्ड, स्टॉकपोर्टसकट तिथल्या दहाही स्थानिक परिषदांनी (आपल्याकडच्या महापालिकांसारख्या) आपणहून संघ केला आणि विमानतळ सामाईक ठेवला. तेव्हा मालकीत मँचेस्टर शहराचे 55 टक्के होते, बाकी नऊ जणांचे प्रत्येकी 5. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. विमानतळ बहुतेकांच्या हद्दीबाहेर असला तरी नफ्यातला वाटा सगळ्यांना, त्यामुळे विस्ताराला पाय ओढणारं कोणी उरत नाही. 2013 मध्ये त्यांच्या कंपनीने लंडनजवळचा स्टॅनस्टेड विमानतळही घेतला. त्यासाठी बाहेरचा गुंतवणूकदार आणला, पण निम्म्याहून जास्त मालकी परिषदांकडेच राहिली. कोविडकाळात लाभांश थांबला, तो फटकाही सगळ्यांनी मिळून सोसला. या दहा परिषदांचं कायद्याने स्थापन झालेलं संयुक्त प्राधिकरण 2011 साली आलं, म्हणजे एकत्र काम करण्याच्या पंचवीस वर्षांच्या सवयीनंतर.

आपल्याकडे ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली एकमेकांना खेटून आहेत, आणि एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेशाच्या विकासाचं काम पाहणारी संस्था) मात्र राज्य सरकारची. या तिघींच्या सामाईक मालकीचं, तिघींना उत्पन्न देणारं काय उभं करता येईल, यावर इथे बोलूया का?