मदत हवी आहे : मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर बदलताना अडकलोय
मंडळी, जुना कॉम्प्युटर आहे, पॉवर बटण दाबलं की फॅन फिरतो आणि दोन सेकंदात बंद पडतो, मग पुन्हा आपोआप चालू. उघडून बघितलं तर प्रोसेसरशेजारच्या सहापैकी चार कपॅसिटरची (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे डबे) डोकी फुगलेली, एकावर तर तपकिरी चिकट थर आलाय. सगळे ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरडचे.

एक काढायला घेतला पण ग्राउंडकडच्या (ऋण बाजूच्या) पायाचं सोल्डर वितळतच नाही, बोर्डातला तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो बहुतेक. ४० वॉटची सोल्डरिंग गन आहे, जास्त वेळ टेकवली तर भोकातली तांब्याची रिंग उखडेल अशी भीती वाटते. आधी नवीन सोल्डर लावून मग ओढावं का, की बोर्ड हॉट एअरने गरम करून घ्यावा?

दुसरं म्हणजे ६.३ ऐवजी १० व्होल्टचे चालतील ना, लो ईएसआर (आतला विद्युतरोध कमी असलेले) आणि १०५ डिग्री तापमान सहन करणारेच घेणार आहे. आणि न फुगलेले दोनही बदलून टाकू का? या मशीनवर वडिलांचं सगळं लिखाण टाईप झालंय, डिस्क सेफ आहे पण मला हेच मशीन परत चालू झालेलं बघायचंय. कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा.