भूत शोधायला जाताना पिशवीत काय होतं? अनुभव सांगा

माडीवाला: पुढच्या अमावास्येला आम्ही चौघं मित्राच्या आजोळी, देवरुखजवळच्या बंद वाड्यात रात्र काढणार आहोत. माडीवर रात्री कुणीतरी चालतं असं शेजारी सांगतात. काय न्यायचं ते शोधलं तर ईएमएफ मीटर (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा), स्पिरिट बॉक्स (भुतं ज्यातून बोलतात म्हणे असा रेडिओ), थर्मल कॅमेरा अशी खिसा रिकामा करणारी यादी मिळाली. ज्यांनी खरंच अशी रात्र काढली आहे त्यांनी सांगा: काय नेलं, काय कामी आलं आणि कशाचं ओझं उगाच वाहिलं? भूत असतं की नसतं हा वाद इथे नको.

रातकिडा: ओझं म्हणाल तर के-टू, म्हणजे तुमच्या यादीतलाच ईएमएफ मीटर. पाच दिव्यांचा तो डबा. साताऱ्याकडच्या एका पडक्या बंगल्यात आम्ही "कोण आहे?" विचारलं आणि दिवे लालपर्यंत गेले. पुन्हा विचारलं, पुन्हा लाल. एकजण रामरक्षा म्हणू लागला. अर्ध्या तासाने कळलं, रामरक्षावाल्याच्याच खिशात मोबाईल होता. रेंज नसली की फोन टॉवर शोधायला जास्त जोर लावतो आणि मीटर तेच पकडतो. सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाकले आणि 'भूत' गेलं. मीटर नेणारच असाल तर आधी दिवसाउजेडी खोलीखोलीत फिरून आकडे वहीत लिहा. नाहीतर रात्रीच्या आकड्याची तुलना करणार कशाशी?

परसातली: देवरुख म्हणालात म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या आजोळीही असाच माळा आणि अशीच पावलं. आजी म्हणायची, पूर्वज फेऱ्या घालतात, त्यांना त्रास देऊ नका. मामेभावाला कॉलेजची हवा लागलेली, तो कॅमेरा घेऊन आला. कॅमेऱ्यात काय आलं? धुळीचे गोल गोल ठिपके. फ्लॅश भिंगाला चिकटून असला की जवळची धूळ चमकते. तो मात्र ते 'आत्मे' दोन दिवस सगळ्यांना दाखवत होता.

शेवटी मी स्वयंपाकघरातून तांदळाचं पीठ आणि चाळणी घेतली. माळ्यावर जिन्यापासून खिडकीपर्यंत पातळ थर चाळला, दाराला शिवणाचा दोरा आडवा बांधला आणि खाली येऊन झोपले. (झोपले म्हणजे आजीच्या कुशीत, जागीच.) दोनच्या सुमारास धप्प, मग टप टप टप. सकाळी दोरा शाबूत, पिठावर मात्र पाच बोटांची, नखांची लहान पावलं आणि कौल सरकलेलं. कांडेचोर, म्हणजे उदमांजर! परसातली पिकलेली पपई कोण खातं तेही त्याच दिवशी कळलं. आजी म्हणाली, पूर्वज कुठल्याही रूपात येतात. यावर काय बोलणार?

आणि हो, गमबूट, काठी, माणशी दोन विजेऱ्या. तुमच्याकडे भुतापेक्षा फुरशाची भीती जास्त. माडीच्या फळ्यांना वाळवी लागलेली असते, तुळईवरूनच पाय टाका.

टेम्सकाठ: इकडे इंग्लंडमध्ये पैसे भरून जुन्या तुरुंगात रात्र काढता येते, यंत्रं तेच देतात. मला कंटाळा आला. पण त्या निमित्ताने हॅरी प्राइस या जुन्या भूतशोधकाबद्दल वाचलं. त्याने 1937 साली एसेक्समधली बोर्ली रेक्टरी (झपाटलेलं म्हणून गाजलेलं पाद्र्याचं घर) वर्षभर भाड्याने घेतली आणि पेपरात जाहिरात देऊन निरीक्षक जमवले. त्याच्या पेटीत आवाज न होणारे नमद्याचे बूट, पोलादी टेप, दारं सील करायचं सामान, बोटांचे ठसे घ्यायला ग्रॅफाइटची भुकटी आणि ब्रँडीची बाटली असे. म्हणजे निम्मी पेटी माणसांच्या लबाडीसाठीच! परसातली, तुमचं पीठ याच घराण्यातलं.

वहीपेन: मराठवाड्यात भानामतीच्या तपासाला जाणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर मी तीनदा गेलोय. पिशवीत वही, पेन, पाणी आणि एक कुलूप. एका घरात पेटीतले कपडे आपोआप फाटत होते. आम्ही पेटीला कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली आणि घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोललो. दोन दिवस एकही कपडा फाटला नाही. तिसऱ्या दिवशी एक जण रडत आमच्याकडे आलं. कोण, ते घरच्यांनाही सांगितलं नाही. एक उत्साही पोरगा यंत्रांची बॅग घेऊन आला होता, तिची चेन उघडलीच नाही.

रातकिडा: रेकॉर्डरबद्दल राहिलं. नेलात तर कुणाचं पोट गुरगुरलं, कुणी खाकरलं, तरी लगेच मोठ्याने सांगायचं: "हा मी." नाहीतर आठवड्याने ऐकताना तुमचीच ढेकर परलोकातून येते.

घाटपायथा: मालकाची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि पोलीस पाटलांना आधी कळवा. आम्ही कळवलं नव्हतं. गावाने चोर समजून पहाटेपर्यंत चावडीत बसवलं. आणि थंडी वाजली तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने डोकं दुखतं, भास होतात, जीवही जातो.

माडीवाला: सगळ्यांचे आभार. मीटर रद्द. नवी यादी: पीठ तीन किलो, चाळणी, दोरा, कुलूप, गमबूट, आठ विजेऱ्या, चिठ्ठी. ती फ्रिजवर लावली होती. आईने वाचली आणि विचारलं, "उकडीचे करणार असाल तर नारळ कुठे लिहिलेत?"